कुशाबाई आणि म्हसोबाचा डोह

कळंबच्या पुलावरून खालच्या अंगाला घोडनदीच्या काठाकाठानं चालत गेलं, की उसाचे दोन मोठे फड ओलांडून एक वस्ती लागते. कागदावर तिचं नाव काहीही असो, लोक तिला डोहवाडी म्हणतात. वस्तीच्या पायथ्याशी नदीनं एक वळण घेतलंय आणि त्या वळणात म्हसोबाचा डोह आहे. कुशाबाई जन्मली ती याच वस्तीत आणि दिलीही याच वस्तीत, आत्याच्या घरी, रखमाजीला. पोरीला माहेरपणाला आणायचं तर पायात चप्पल घालायचंही काम नाही, अशी लग्नात लोकांनी चेष्टा केली होती. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. बाकीच्या पोरी सगळंच सोडून गेल्या. आपल्याला नदी तरी सोडावी लागली नाही, एवढं तिला पुरे होतं.

कारण कुशाबाई पोहायची. लहानपणी बापानं पाठीला वाळका भोपळा बांधून तिला डोहात सोडली. भोपळा पुढं सुटला, पण पोहणं काही सुटलं नाही. तिच्याबरोबरीच्या पोरी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून धुणं आपटायच्या, तेव्हा ही तळाला जाऊन मूठभर वाळू वर घेऊन यायची. लग्नानंतरही दुपारची वेळ आणि काठावर पुरुष माणूस नाही असं बघितलं, की काष्टा मारून पाण्यात शिरायची. आत्या, म्हणजे आता सासू, अंगणातून ओरडायची, "आगं, माणूस हाईस का मासळी?" कुशाबाई पाण्यातूनच हसायची.

काठावर कपडे राखायला असायची उगम. उगमच्या बापाचं कळंबात किराणा दुकान होतं. मूळचं राजस्थानाकडचं जैन घर, पण उगमच्या बोलण्यावरून ते कुणाला उमगलं नसतं. दोघी सातवीपर्यंत एका बाकावर बसल्या. भूगोलाच्या तासाला गुरुजी नदीचा उगम म्हणाले की सगळा वर्ग मागं वळून तिच्याकडे बघायचा आणि ती लाजून पुस्तकात तोंड खुपसायची. डोहावर आली तरी ती पाण्यात कधी उतरायची नाही. एका सपाट दगडावर बसून फक्त पाय सोडायची.

"आमच्यात पाणी गाळून पितात गं," ती सांगायची. "एवढ्या पाण्यात किती जीव असतील. मी मधी शिरून त्यांना तरास कशाला?"

"मी रोज शिरते. मला तर कोन काय बोललं नाय," कुशा म्हणायची.

"तू त्यांच्यातलीच हाईस."

उगमचं लग्न बेल्ह्याच्या फतेचंदशी झालं. भुसाराचं दुकान, वर माडी, भरलेलं घर. बेल्ह्याच्या बाजाराला रखमाजी बैल बघायला निघाला, की कुशाबाई मागं लागून जायची. तो बाजारात दावणीनं हिंडायचा आणि ह्या दोघी दुकानामागच्या खोलीत पोत्यांच्या थप्पीला टेकून बोलत बसायच्या. पण ट्रॅक्टर आला, बैल गेले, बाजारची फेरी थांबली. फतेचंद वारला, दुकान मुलानं, अरिहंतनं, सांभाळलं. उगमला साखरेचा आजार जडला आणि माडीचा जिना तिला डोंगरासारखा झाला. मग उरला तो फोन.

आठवड्यातून एखाददुसऱ्या संध्याकाळी फोन यायचा. दुखण्याखुपण्याचं, सुनांचं, लेकरांचं बोलून झालं की उगम ठरलेला प्रश्न विचारायची. "डोह कसा हाय गं?"

आणि कुशाबाई सांगायची, "हाय तसाच. आज वाऱ्यानं पाण्याला बारीक चुण्या पडल्यात. निळं धीवर पाखरू बसलंय तुझ्या दगडावर."

बोलताना ती ओट्यावर बसलेली असायची आणि समोर नदी असायची. नदी म्हणजे काय, तर काठापासून काठापर्यंत पसरलेली हिरवीगार जलपर्णी. खालच्या बंधाऱ्याला ढापे, म्हणजे लोखंडी दरवाजे, टाकले की पाणी जागच्या जागी थांबायचं, आणि थांबलेल्या पाण्यावर ही बया पसरायची. वर जांभळी फुलं डुलायची. नवखा माणूस पुलावरून बघून म्हणायचा, किती सुंदर! खाली पाणी काळं झालेलं, वास मारणारं. दिवस मावळला की डासांचा थवा घरात. कुशाबाई पाण्यात उतरून किती वर्षं झाली होती ते तिलाही नीट आठवत नव्हतं. थोरल्या नातीच्या बारशाच्या आधीपासून, एवढं नक्की. तो धीवर तर कधीच उडून गेला होता. तरी सांगताना तिला तो दिसायचा.

एका माघातल्या संध्याकाळी उगम म्हणाली, "नातवानं, आमच्या पीयूषनं, मला नवा मोबाइल दिलाय. त्यात समोरचं दिसतं. व्हिडिओ लाव आन् दाखव मला डोह."

कुशाबाईनं समोरच्या हिरव्या पसाऱ्याकडे बघितलं. "नदीला रेंज नाय बाई," ती म्हणाली.

"मंग मीच येते. अरिहंत म्हणलाय, आता पुढची दिवाळी झाली की गाडीनं नेतो. लई वाटतंय गं कुशे. एकदा बसू तिथं."

फोन ठेवून कुशाबाई ओट्यावरच बसली होती. सून अक्षदा जेवायला बोलवायला आली, तर सासूच्या डोळ्यांत पाणी. काय झालं विचारलं तर म्हणाली, "त्या माउलीला मी कशात बसवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हातात विळा आणि कमरेला कासरा बांधून कुशाबाई काठावर गेली. कासऱ्याचं दुसरं टोक तिनं बाभळीला बांधलं आणि गुडघाभर चिखलात उतरून जलपर्णी ओढायला लागली. एकेक गड्डा पाण्यानं जड झालेला, खाली हातभर लोंबणाऱ्या काळ्या मुळ्या. दुपारपर्यंत खाटेएवढी जागा मोकळी झाली. रखमाजी काठावर येऊन उभा राहिला. बायकोच्या वेडाची त्याला सवय होती.

"साठी उलटली, आता नदीचं निंदण काढायला निघालीस व्हय?"

"तुमी नुसतं बघा."

त्यानं बघितलं, आणि संध्याकाळी एका लांब बांबूला लोखंडी आकडी बसवून दिली. "काठावरूनच वढ," म्हणाला. "आत नगं जाऊ."

आकडीमुळं काम सरकायला लागलं. अक्षदा धुणंभांडी उरकून यायला लागली. तिला बघून शेजारच्या दोघी, त्यांना बघून आणखी काही. ओढलेल्या जलपर्णीचे ढीग काठावर वाळायला लागले. कुणीतरी शेण कालवून ते खड्ड्यात कुजवायला घातले, कांद्याला खत होईल म्हणून. फाल्गुन सरता सरता उगमच्या दगडासमोरचं पाणी आभाळाखाली उघडं पडलं. काळं होतं, पण उघडं होतं. बायका त्या दिवशी तिथंच बसून भेळ खाऊन हसतखेळत घरी गेल्या.

महिना गेला असेल नसेल, सगळं पुन्हा हिरवं झालं.

कुशाबाई आकडी टाकून काठावर बसली. एक बाई म्हणाली, "जाऊ द्या काकी. ही त्या राक्षसाची जात हाय, रगताचा एक थेंब सांडला की दुसरा उभा राहतो."

अक्षदा मात्र वस्तीकडे बघत उभी होती. वस्तीतल्या घराघरांतून मोरीचे पाइप निघून एका चारीत पडत होते, आणि चारी सरळ डोहात. साबणाचं पाणी, खरकट्याचं पाणी, गोठ्यांचं धुवण. "आई," ती म्हणाली, "आपण वरनं काढतोय आन् खालनं तिला जेवू घालतोय. आपल्या मोऱ्यांवरच पोसलीय ती."

कुशाबाईला ते लागलं. त्या चारीत तिच्याही घरचा पाइप होता. नदीवर जीव आहे म्हणणाऱ्या बाईनं रोज त्याच नदीत खरकटं सोडलं होतं, आणि हे कधी मनातही आलं नव्हतं. घरी येऊन तिनं मुलाला, ऋषीला, सांगितलं, "पाइप तोड. परसात खड्डा घे." ऋषीनं खड्डा घेतला, तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, वर वाळू. मोरीचं पाणी त्यात जिरायला लागलं. शेजारी केळीचे दोन कोंब लावले. जलपर्णी ओढायला येणाऱ्या बायकांनी आपापल्या घरी तेच केलं. काही घरांत त्यावरून भांडणं झाली, पण खड्डे झाले.

अडला तो सोपान. त्याचा गोठा वस्तीत सगळ्यांत मोठा, आणि गोठ्याचं धुवण सगळ्यांत जास्त. कुशाबाई त्याच्याकडे गेली तेव्हा तो टेम्पोतून नवीन म्हैस उतरवत होता, बेल्ह्याच्या बाजारातून आणलेली, गाभण.

"काकी, माझ्या एकट्याच्या गोठ्यानं नदी घाण झाली का?" तो म्हणाला. "वर केवढी गावं हायेत, त्यांचं समदं येतंय. आदी त्यांना सांगा."

"वरच्यांना सांगायला जायचं तर आपलं तोंड धुतलेलं पायजे, सोपाना."

"मंग धुवा तुमी. मला टाइम न्हाई."

कुशाबाई परत आली. रागावली नाही. पण चालताना तिला पहिल्यांदा आपलं वय जाणवलं.

वैशाखातल्या एका दुपारी आरडाओरडा झाला. सोपानची नवी म्हैस दावं तोडून नदीकडे गेली होती. बाजारची म्हैस, तिला इथली नदी कुठं ठाऊक? हिरवं दिसलं, कुरण समजून तिनं पाय टाकला आणि आत गेली. म्हशीला पोहायला कुणी शिकवावं लागत नाही, पण इथं खाली गाळ आणि वर मुळ्यांचं जाळं. जेवढी धडपडली तेवढी गुरफटली. नाकपुड्या आणि शिंगं तेवढी वर. सोपान कंबरभर चिखलात उभा राहून तिला हाका मारत होता आणि पुढं जाता येत नव्हतं. पोरं काठावर गोळा झाली होती, पण त्या मुळ्यांत पाय अडकला तर माणूसही वर येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

कुशाबाईनं लुगड्याचा काष्टा मारला. कासऱ्याचं एक टोक कमरेला, दुसरं बाभळीला बांधलं, आणि एका लांब दोराचं टोक दातांत धरलं. "आई, नका!" अक्षदा ओरडली, तोवर ती आडवी होऊन जलपर्णीवर पसरली होती. पाय मारायचे नाहीत, हे तिच्या अंगालाच ठाऊक होतं. पोटावर पालीसारखी, हातानं गड्डे बाजूला सारत, ती सरकत सरकत म्हशीपर्यंत पोचली. जनावर डोळे पांढरे करून बघत होतं. तिनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटलं, शिंगांना दोर टाकला, गाठ मारली.

काठावर कुणीतरी ट्रॅक्टर आणला. कुशाबाई तिथूनच किंचाळली, "ट्रॅक्टर नको! मान मोडंल तिची! हातानं वढा!"

सगळी वस्ती दोराला लागली. बायका, बाप्ये, पोरंसोरं. एक एक हात करत म्हैस चिखलातून सुटली आणि काठावर येऊन धापा टाकत बसली. मागून कासऱ्यानं कुशाबाईला ओढून घेतली. डोक्यापासून पायापर्यंत काळी.

रात्रीपर्यंत तिच्या अंगावर गांधी उठल्या, मग ताप चढला. ऋषीनं मंचरला नेऊन डॉक्टरला दाखवलं. चार-सहा दिवस ती अंथरुणाला खिळून होती. रखमाजी उशाशी बसून पाठीला औषध लावायचा.

"एवढ्या वर्सांनी पोहलीस," तो एकदा म्हणाला, तिला बरं वाटावं म्हणून.

कुशाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. "डोहात गेले," ती म्हणाली, "पर पाणी लागलंच नाय वो अंगाला."

रखमाजीनं बोटावर आणखी औषध घेतलं.

सोपान आला तो दारातच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. "काकी," तो म्हणाला, "माझ्याच गोठ्याची घाण तुमच्या अंगावर उठली. उद्या खड्डा घेतो." आणि त्यानं घेतला, नुसता मोरीचा नाही. गोठ्याचं धुवण त्यानं उताराच्या एका मोठ्या खड्ड्यात फिरवलं आणि त्यात बायकांनी ओढलेली जलपर्णी टाकून खत करायला लागला. पुढं तोच वस्तीत सांगत हिंडायचा, जणू कल्पना त्याचीच. कुशाबाईनं ते त्याला खुशाल सांगू दिलं.

पावसाळ्याआधी म्हसोबाच्या देवळात सगळी बसली. ठरलं ते साधंच. मंगळवारी ज्याला जमेल त्यानं तासभर नदीवर यायचं. चारीत कुणी पाइप सोडायचा नाही. लग्नकार्याच्या पत्रावळ्या, प्लास्टिकचे पेले नदीत जायचे नाहीत. बंधाऱ्याची पाळी असणाऱ्याला विनवून काही ढापे लवकर काढून घ्यायचे, म्हणजे पाणी हलतं राहील. डोहाच्या वरच्या तोंडाला रिकामे कॅन बांधून दोर आडवा टाकायचा, म्हणजे वरून वाहत येणारी जलपर्णी तिथं अडेल आणि काढता येईल. श्रावणात नदीला मोठं पाणी आलं आणि उरलंसुरलं वाहून गेलं. दोरही गेला. पोरांनी दुसरा बांधला.

दिवाळी झाली. अरिहंतची गाडी वस्तीवर आली. उगमबाई उतरली ती काठी टेकत. उजव्या पावलाला पांढरी पट्टी. कुशाबाईनं तिला धरून हळूहळू काठावर नेलं. दगड होता तिथंच होता. समोर पाणी होतं. निवळ नव्हतं, हिरवट होतं, कडेला अजून फेसाची रेघ होती. पण त्यात आभाळ दिसत होतं, पलीकडच्या काठावरचा ऊस उलटा दिसत होता.

कुशाबाईला आता आत ठेववेना. "उगमे, मी तुला खोटं सांगत व्हते. इतकी वर्सं. हितं पाणी दिसत न्हवतं. धीवर न्हवता. समदी घाण व्हती."

उगमबाई पाण्याकडे बघत होती. "मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"ठावं व्हतं?"

"अरिहंत मंचरच्या बाजाराला पुलावरनंच जातो की. तो म्हणला, आई, नदी न्हाई राहिली ती, रान झालंय."

"मंग दर येळी इचारायचीस कशाला?"

"तू सांगायचीस तवा मला दिसायचा गं. माडीवरनं मला कुठला डोह? खिडकीत समोरच्या दुकानाचं शटर. तुझं बोलणं संपेस्तोवर तरी पाणी असायचं."

मग कुशाबाई म्हणाली, "पाय सोडतीस?"

उगमबाईनं पट्टीकडे बोट दाखवलं. "जखम हाय. डाक्टरनं साध्या पाण्याला पण मनाई केलीय. ह्याला तर लांबूनच हात जोडायचे." ती हसली. "उशीर झाला, कुशे. तुला न्हाई म्हणत. मलाच झाला."

ऊन कलेपर्यंत त्या तिथं बसल्या. अरिहंत दोनदा येऊन बघून गेला, बोलावलं मात्र नाही. निघताना उगमबाई अक्षदाजवळ थांबली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हिला पाण्यात एकटी जाऊ देऊ नगंस." गाडी उसाच्या फडाआड जाईपर्यंत कुशाबाई रस्त्यात उभी होती.

त्यानंतरही फोन येतात. उगमबाई विचारते आणि कुशाबाई आता आहे तसं सांगते. आज वास कमी हाय. आज वरनं लई जलपर्णी आली, दोर वाकला. आज बारकी मासळी दिसली, पण पहिल्यासारखी मरळ काय अजून आली नाही. कधीकधी सांगताना तिला ते अपुरं वाटतं, कारण खरं सांगण्यात ते जुनं पाणी नसतं. उगमबाई तिकडून "हं" म्हणत ऐकत राहते.

कुशाबाई अजून पोहलेली नाही. ज्या पाण्यानं अंगावर गांधी उठवल्या त्यात पुन्हा उतरू नको असं डॉक्टरनं बजावलंय, आणि खरं तर तिचंही मन होत नाही. तिला हवं आहे ते पाणी वेगळं आहे. तोंडात घेतलं तरी चालायचं असं. ते तिच्या हयातीत येईल का, हे तिला माहीत नाही, आणि कुणी विचारलं तर ती त्याला मंगळवारी नदीवर यायला सांगते.

परवा वरच्या गावातल्या बायकांचा निरोप आला. म्हशीची गोष्ट बाजारात त्यांच्या कानावर गेली होती, आणि त्यांच्याही घाटावर आता पाणी दिसत नव्हतं. कसं करायचं ते येऊन सांगाल का, म्हणाल्या. सोपाननं टेम्पो काढला. मागच्या हौद्यात आकड्या, दोर आणि आठ-दहा बायका दाटीवाटीनं बसल्या. रखमाजीनं कुशाबाईला पुढं बसायला सांगितलं, पण ती ऐकेना, मागंच चढली. टेम्पो नदीच्या कडेकडेनं वर निघाला. हिरव्या पसाऱ्यात मधूनच कुठंतरी पाण्याचा तुकडा चमकला, की ती मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहायची.